गच्चीवर सोलर आधी की पार्किंगमध्ये चार्जिंग आधी? ठाण्यातल्या सोसायटीसाठी सल्ला हवा

मानपाडा_सचिव

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबलाय, पण माहिती अर्धवट दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मानपाड्याला आत. २००४ सालची इमारत, दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट. मे महिन्यापासून मी सचिव आहे आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव मांडायचा आहे. सामाईक मीटरचं बिल महिन्याला साधारण २४०० युनिटचं येतं. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, एवढंच त्यावर चालतं. सिंकिंग फंड सोडून हाताशी ९ लाख रुपये आहेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनच वर्षांपूर्वी झालं, त्याची गॅरंटी अजून आहे. पार्किंगमध्ये आजच्या घडीला ५ इलेक्ट्रिक गाड्या आणि १४ इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. पहिल्या मजल्यावरच्या एका सभासदाने बेडरूमच्या खिडकीतून वायर खाली सोडली आहे. जूनच्या पहिल्या पावसात ती वायर पत्र्याच्या शेडवर भिजत पडलेली मी स्वतः पाहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कमिटीत दोन तट आहेत. एक म्हणतो गच्चीवर सोलर बसवा, बिल खाली आणा, मग बाकीचं बघू. दुसरा म्हणतो चार्जिंगची सोय आधी करा, नाहीतर एखाद दिवशी आग लागेल. आणखी एक आवाज आहे, की तेल काही संपत नाही, हे पैसे इमारतीच्या रंगाला वापरा.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझे बाबा बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर होते. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे. आज ते ७८ वर्षांचे आहेत. आमच्या शोकेसमध्ये औषधाची एक जुनी काचेची बाटली आहे, तिच्यात तिथलं कच्चं तेल आहे. शाळेत सगळ्यांना वाटायचं कच्चं तेल डांबरासारखं काळं असतं, हे मात्र तपकिरी आहे. थंडीत ते तुपासारखं थिजतं, बाटली आडवी केली तरी हलत नाही. एप्रिल उजाडला की परत पातळ होतं. त्यात मेण फार असतं म्हणून असं होतं, हे बाबांनीच सांगितलेलं.

मी ठरावाचा कच्चा मसुदा लिहीत बसले होते तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, तेलाची विहीर एका दिवसात आटत नाही. आधी तेलाबरोबर पाणी यायला लागतं. मग वर्षागणिक पाणी वाढत जातं. शेवटी आपण पाणीच उपसत असतो, आणि त्यातून तेल वेचून काढतो." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न दोन. ९ लाखांत आधी काय करावं? आणि तेलाचा मुद्दा सभेत काढावा, की फक्त बिलाच्या आकड्यांवर बोलावं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

कळवा_वायरिंग

ताई, मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार होतो, आता काम मुलगा बघतो. सरळ हिशेब देतो.

आपल्याकडे एक किलोवॉट सोलर वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट देतं. तुम्हाला दिवसाला ८० युनिट लागतात, म्हणजे २० किलोवॉट. किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा, म्हणजे २००० चौरस फूट. हल्ली आमच्याकडे येणारी कोटेशनं किलोवॉटला ५० ते ६५ हजारांच्या घरात असतात, स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलांखालचा सांगाडा, उंच घेतलं की वरच्या टोकाला जातात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. घरगुती ग्राहकाला ३ किलोवॉटला ७८,००० मिळतात तो आकडा तुमच्यासाठी नाही, लोक हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात. अनुदान पाहिजे असेल तर पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात, हे कोटेशनमध्ये लेखी घ्या. आणि पैसे आधी सोसायटीने घालायचे, अनुदान मागाहून खात्यात येतं. सभेत हे स्पष्ट बोला.

पावसाळ्याचं लोक घाबरून विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं, हे खरं. पण नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन नंतर वळती करून घेण्याचा, हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. एप्रिल-मेमध्ये जास्तीचे युनिट जमा होतात आणि तेच पावसाळ्यात वापरायला मिळतात. वर्ष आपल्या सोयीचं सुरू होतं म्हणा. मार्चअखेर जे उरतं त्याला भाव किरकोळ मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट बसवू नका. दिवसाचे आणि संध्याकाळचे युनिट वेगळे मोजण्याकडे आता कल आहे, तेव्हा कोटेशन देणाऱ्याला सध्याच्या दर-आदेशाप्रमाणे बचत मांडून दाखवायला सांगा, नुसता सरासरी दर गुणून नको.

एक गोष्ट मात्र सभेआधीच सगळ्यांना सांगा. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडलेली, सोलर यंत्रणा लाइट गेले की बंद पडते. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला उलटा करंट लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे वीज गेली होती. भर उन्हात गच्चीवर पॅनेल आणि खाली लिफ्ट बंद, असं त्या दिवशी माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे झालं आणि शिव्या मला बसल्या. लिफ्टसाठी एआरडी लावा, वीज गेली की ती बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. तो खर्च फार नाही, आणि सोलरशी त्याचा काही संबंध नाही.

नेरुळ_पूर्व

आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी १५ किलोवॉट बसवलं. बिल उतरलं, त्याबद्दल समाधानी आहे. पण ज्याने बसवलं त्याने जे केलं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही.

त्याने स्ट्रक्चरचे पाय थेट स्लॅबमध्ये ड्रिल मारून बोल्टने बसवले. मी त्या वेळी खजिनदार होते, गच्चीवर उभी होते, आणि मला कळलंच नाही की हे वॉटरप्रूफिंग फोडणं आहे. पहिल्याच पावसात सातव्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरावर ओल उतरली. आधी पेराएवढा पिवळा डाग होता. गणपतीपर्यंत ताटाएवढा झाला, आणि आजींनी देव हॉलमध्ये टेबलावर मांडले. कंत्राटदार म्हणाला वॉटरप्रूफिंगच जुनं होतं. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला तुम्ही भोकं पाडलीत, गॅरंटी संपली. दोघांच्या मध्ये सोसायटीचे लाखभर रुपये गेले. आजींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच मला जास्त लागतं.

म्हणून तुमची गॅरंटी चालू आहे तोवर स्लॅबला भोक नको. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांच्यावर पाय उभे करतात, तसं करून घ्या. वाऱ्याचा आणि वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने घ्या, कंत्राटदाराच्या नाही. २००४ ची इमारत आहे, सहीशिवाय एक पॅनेल वर चढू देऊ नका. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला त्या दिवशी गच्चीवर बोलवा, त्याच्याकडून 'हरकत नाही' असं कागदावर घ्या.

दुसरं, सावली. आमच्या पाण्याच्या टाकीजवळची तीन पॅनेलं हिवाळ्यात दुपारभर सावलीत जातात, आणि ती ज्या ओळीत जोडली आहेत ती पूर्ण ओळ मंदावते. आम्ही पाहणी मे महिन्यात केली, तेव्हा सावली दिसलीच नव्हती.

तिसरं, गच्चीचा वापर. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, सांडगे वाळवणाऱ्या सात-आठ जणी आहेत. पॅनेलांनी सगळं ऊन खाल्लं तर त्या सभेत विरोध करणार आणि तो बरोबरच असेल. आम्ही जिन्याच्या बाजूची दहा फुटांची पट्टी मोकळी ठेवली. ठराव एकमताने मंजूर झाला तो त्या पट्टीमुळे.

कळवा_वायरिंग

नेरुळताई, सावलीचं अगदी बरोबर. आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, टाकीची सावली तिच्या पायातच राहते. डिसेंबरात दुपारी बारालाही तीच सावली उत्तरेकडे जवळपास टाकीच्या उंचीएवढी लांब पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून लांब. पाहणी कधीही करा, नकाशा डिसेंबरचा काढायला लावा.

घणसोली_४

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. माझा टेम्पोचा धंदा आहे, डिझेलवर घर चालतं. आम्ही शाळेत होतो तेव्हा भूगोलाचे सर सांगायचे तेल आणखी तीस वर्षं पुरेल. ती तीस वर्षं कधीच उलटली. अमेरिका आज पूर्वीपेक्षा जास्त तेल काढते. आणि इलेक्ट्रिक गाडीची वीज येते कुठून? कोळशातून. मग धूर इथे नाही निघाला, चंद्रपूरला निघाला. ९ लाख रुपये हे लोकांच्या घामाचे पैसे असतात. नुसतं सगळे करतात म्हणून करू नका.

उरण_फाटा

घणसोली, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सभेत नेमका हाच येणार. मी आयुष्यभर तेल आणि गॅसच्या प्रक्रियेत काम केलंय, म्हणून नीट लिहिते.

"तीस वर्षं पुरेल" हे वाक्यच मुळात फसवं आहे. माहीत असलेल्या साठ्याला वर्षाच्या वापराने भागलं की तो आकडा येतो. नवे साठे सापडले की तो पुढे सरकतो, आजही जगाचा हा भागाकार पन्नासच्या आसपासच येतो. त्यावरून तेल कधी संपेल ते कळत नाही. खरा प्रश्न असा आहे की रोज किती निघू शकतं आणि ते काढायला किती कष्ट पडतात.

१९५६ मध्ये हबर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने सांगितलं की त्यांच्या देशातलं उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल आणि मग उतरेल. १९७० ला तसंच झालं, आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं ते उतरत गेलं. मग शेल आलं, खडक फोडून तेल काढण्याचं तंत्र, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चं शिखर ओलांडलं. तुमचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घसरते. उत्पादन नुसतं टिकवायलाच सतत नव्या विहिरी खोदत राहाव्या लागतात. ब्रिटनच्या उत्तर समुद्राचं शिखर १९९९ ला होऊन गेलं. मेक्सिकोचं कांतारेल जगातल्या सगळ्यात मोठ्या क्षेत्रांपैकी एक होतं, २००४ नंतर ते काही वर्षांतच कोसळलं.

आणि आपलं घरचं उदाहरण मुंबई हाय, म्हणजेच ताईंच्या बाबांचं बॉम्बे हाय. १९७४ ला सागर सम्राट या समुद्रातल्या ड्रिलिंग रिगने तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला होता, त्याच्या पाठोपाठ हे तेल मिळालं म्हणून देशाला केवढा आधार वाटला ते ताईंच्या बाबांना विचारा. १९८९ च्या सुमारास तिथून दिवसाला साडेचार लाख पिंपांवर तेल निघायचं. आज दीड लाखाच्याही खाली आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिथलं तेल काढणाऱ्या सरकारी ओएनजीसीने उत्पादन सावरण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक साथीला घेतलं. क्षेत्र चालू आहे, तेल आहे, पण दिवस उतरणीचे आहेत. पाणी वाढत जातं हे बाबांचं वाक्य कुठल्याही म्हाताऱ्या क्षेत्राचं अचूक वर्णन आहे. तेल निघावं म्हणून आपणच समुद्राचं पाणी खाली दाबतो, आणि ते तेलाबरोबर वर येतं. मग ते वेगळं करा, शुद्ध करा, सोडा. प्रत्येक पिंपामागे वीज आणि मेहनत वाढत जाते.

म्हणून ताई, सभेत "तेल संपतंय" म्हणू नका. कोणीतरी अमेरिकेचा आकडा काढेल आणि तुमचा मुद्दा पडेल. असं म्हणा की सोपं तेल संपलं, आणि आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा एरवी इराणजवळच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. तिथे ठिणगी पडली की माजिवड्याच्या पंपावर भाव कळतो.

आता ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. तेलाची काळजी म्हणून आधी सोलर, या विचारात एक गफलत आहे आणि ती बहुतेक सगळ्यांचीच होते. भारतात वीज तेलापासून जवळजवळ बनतच नाही. सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची, बाकी पाणी, सूर्य, वारा, अणू आणि थोडा गॅस. तेव्हा गच्चीवरचं सोलर कोळसा वाचवतं, तेल नाही. तेल जळतं ते पार्किंगमध्ये. तुमची काळजी तेलाची असेल तर उत्तर तळमजल्यावर आहे.

कोळशाच्या विजेवर गाडी चालवून काय मिळालं, या घणसोलींच्या मुद्द्याला उत्तर असं, की पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरमध्ये बॅटरीतल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग चाकाला मिळतो. वीज केंद्रातलं नुकसान धरूनही विजेची गाडी मागे पडत नाही. शिवाय त्या विजेत सौर आणि पवन वाढत जातील तशी तीच गाडी आपोआप स्वच्छ होते. पेट्रोलची गाडी पंधरा वर्षं पेट्रोलचीच राहते.

घणसोली_४

वाचलं, दोनदा वाचलं. सोपं तेल हा शब्द पटला. माल वाहून नेणाऱ्याला मात्र अजून पर्याय परवडत नाही, छोट्या टेम्पोत आता कुठे इलेक्ट्रिक यायला लागलेत. मी सीएनजीवर दोन गाड्या नेल्या. पण गॅसही निम्मा बाहेरूनच येतो असं ऐकलंय?

उरण_फाटा

हो, जवळपास निम्मा. घरगुती सिलिंडरचा गॅस तर निम्म्याहून जास्त आयात होतो. तुम्ही तुमच्या धंद्यात शक्य होतं ते केलंत. टेम्पो आणि सोसायटीतली ऑफिसला जाणारी गाडी, दोघांना एकच फूटपट्टी लावू नये.

ऐरोली_सेक्टर८

स्वयंपाकघराचं कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. सिलिंडरच्या काळजीने मी इंडक्शन घेतलं. कुकर, चहा, दूध, भाजी सगळं त्यावर होतं आणि ओटा तापत नाही, मे महिन्यात तो फरक फार मोठा असतो. पण भाकरी होत नाही. तव्यावर भाजली जाते, आचेवर शेकता येत नाही, म्हणून फुगत नाही, आणि न फुगलेली भाकरी आमच्याकडे ताटात परत येते. एक बर्नर ठेवलाच आहे. आमच्या इमारतीत पाइप गॅस आला तरी मी इंडक्शन सोडलं नाही. ताई, सोसायटीत घराघरात इंडक्शन वाढलं की प्रत्येक मजल्याच्या केबलवर भार वाढतो, इलेक्ट्रिशियनकडून तेही तपासून घ्या.

वसंतविहार

चार्जिंगबद्दल मी लिहितो, आमच्याकडे २४ पॉइंट झालेत. सुरुवातीला सगळ्यांचा एकच प्रश्न होता, एवढ्या गाड्या एकदम लागल्या तर ट्रान्सफॉर्मर जळेल का. कागदावर बघितलं तर एक घरगुती पॉइंट ३.३ किलोवॉटचा, २४ गुणिले ३.३ म्हणजे ७९ किलोवॉट. हा आकडा ऐकून आमची पहिली सभा उधळली.

मग आम्ही एक महिना वहीत लिहून काढलं. ठाण्यातली गाडी दिवसाला सरासरी ३० ते ४० किलोमीटर चालते, कोणी ऐरोलीला, कोणी ठाणे स्टेशनला, कोणी पवईला. त्याला ५-६ युनिट लागतात, म्हणजे दोन तास. रिकामी बॅटरी रोज कोणी भरत नाही. स्कूटरला तर ३ युनिटही लागत नाहीत. तेव्हा वेळ वाटून दिली, रात्री अकरा ते सकाळी सहा, तर प्रत्यक्ष भार वीस-बावीस किलोवॉटच्या वर जात नाही. चार्जिंगच्या विजेच्या पॅनेलमध्ये भार मोजणारं यंत्र बसवलं, ठरलेली मर्यादा आली की पुढचा पॉइंट थांबतो. वाढीव भारासाठी महावितरणकडे अर्ज केला.

मीटर रूमपासून पार्किंगभर एक जाड केबल ट्रेमधून फिरवली, तीच मुख्य गुंतवणूक. प्रत्येक पॉइंटला वेगळं सबमीटर, करंट गळला की वीज तोडणारं वेगळं आरसीसीबी, नीट अर्थिंग. वापरणारा त्याचे युनिट भरतो, शिवाय पॉइंटची फी. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही, हे आम्ही ठरावाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. सगळ्याचा खर्च साडेचार लाखांच्या आसपास आला, त्यातला निम्म्याहून जास्त पॉइंट घेणाऱ्यांनी भरला.

तुमची ती खिडकीतली वायर आज काढायला लावा. सभेची वाट बघू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर तासन्तास गाडी चार्ज केली की प्लग वितळतो. आमच्याकडे एक वितळला होता, मी तो जपून ठेवलाय. काळा पडलेला, एक पिन अर्धी गळालेली. नवीन सभासद आला की त्याला दाखवतो. आणि स्कूटरची बॅटरी काढून घरात, दाराजवळ चार्ज करू देऊ नका. बाहेर पडायच्या वाटेवरच आग लागली तर माणूस जाणार कुठून?

कळवा_वायरिंग

वसंतविहारांनी केबलचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. पॉइंट आज दहा काढा, पण केबल तीसच्या हिशेबाने टाका. तीच खणाखणी पाच वर्षांनी पुन्हा करायची म्हणजे दुप्पट पैसे.

आणि ताई, २४०० युनिट हे दोन लिफ्टच्या सात मजली इमारतीला मला जास्त वाटतात. सोलर घेण्याआधी पंप तपासा. एकदा रात्री बारानंतर, पाण्याचा वापर बंद असताना, पंप किती वेळा आपोआप सुरू होतो ते वॉचमनला लिहून ठेवायला सांगा.

मानपाडा_सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत लिहितेय, कारण सांगितलेलं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

वायर त्याच संध्याकाळी काढली. सभासद चिडतील असं वाटलं होतं. वसंतविहारांची प्लगची हकिकत सांगितली, आणि त्यांनी स्वतःच गुंडाळून घेतली. तोवर ते ऑफिसमध्ये चार्ज करताहेत.

पंपाचं कळवा काकांनी सांगितलं ते तंतोतंत निघालं. वॉचमनने तीन रात्री वहीत लिहिलं. बारा ते पाचमध्ये पंप चार-चार वेळा सुरू होत होता. मी पहाटे वर गेले तर ए विंगच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप वाहत होता, बोटाएवढी धार, आणि ती थेट पावसाच्या पन्हाळीत जात होती म्हणून कोणाला दिसलीच नव्हती. पाण्याची पातळी बघून पंप बंद करणारा फ्लोट अडकला होता. किती महिने हे चाललं असेल, कोण जाणे. दुरुस्तीला दीड हजारही लागले नाहीत. आता मीटरचं रोजचं वाचन ८० वरून ६४-६५ वर आलंय. जिन्यातल्या ट्यूब काढून सेन्सरचे एलईडी लावले की आणखी थोडं उतरेल.

म्हणजे २० नाही, १६ किलोवॉट पुरेल. किलोवॉटला ५५ हजार धरले तर ८ लाख ८० हजार, त्यातले २ लाख ८८ हजार अनुदानाचे परत येतील. पण उरण फाटांचं वाचल्यावर माझा क्रम ठरला. मी ठरावात आधी केबल आणि चार्जिंगचं पॅनेल घेतेय, पॉइंटचा खर्च ज्याचा तो भरणार. उरलेल्या पैशात ८ किलोवॉट सोलर, स्ट्रक्चर मात्र १६ चं. पुढच्या वर्षी अनुदान आणि बिलाची बचत हातात आली की बाकीचं. कळवा काका, अर्ज दोनदा करावा लागेल का, आणि अनुदान दोन्ही वेळा मिळेल का, एवढं सांगाल?

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. बी विंगच्या गच्चीला ठोकळे चालतील म्हणाले. ए विंगला आधी दोन कॉलमची दुरुस्ती हवी. तेव्हा सुरुवात बी विंगला. वाळवणाची पट्टी नकाशात आखून घेतली आहे, दहा नाही, बारा फुटांची.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. सागर सम्राटचं नाव आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. चार्जिंग आधी हे त्यांना पटलं. सभेला येणार आहेत. बाटली घेऊन येऊ का, असं विचारत होते.

उरण_फाटा

आणू द्या. आणि त्यांना दोन मिनिटं बोलू द्या, तुमच्या आधी.

कळवा_वायरिंग

ताई, क्षमता वाढवायला अर्ज नव्याने करावा लागतो. दुसऱ्या टप्प्याला अनुदान मिळेल असं धरून पैसे मांडू नका, योजनेला मुदत आहे. म्हणून मी उलटं सुचवतो. ठराव १६ चाच मंजूर करून घ्या, बी विंगवर मावतं का ते मोजा, आणि कमी पडणारे पैसे वर्षभराच्या बिनव्याजी ठेवी म्हणून इच्छुक सभासदांकडून घेता येतील का ते तुमच्या ऑडिटरला विचारा. आमच्या दोन सोसायट्यांनी तसं केलंय. सिंकिंग फंडाला हात लावू नका. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज इमारतीला चालेल अशी करणारं यंत्र, खाली मीटर रूममध्ये घ्यायचा की वर जिन्याच्या छपराखाली, हे आत्ताच ठरवा, केबलची लांबी त्यावर आहे. वर घेतलात तर पावसाचा सपकारा येणार नाही अशी भिंत बघा.

मानपाडा_सचिव

वर, लिफ्टच्या खोलीची पूर्वेकडची भिंत कोरडी असते. आत्ताच जाऊन हात लावून आले. उद्या ऑडिटरना फोन करते.